मुक्या रुग्णांचा इतिहासकार : डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल



‘रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही’ अशी म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. लहान मुलाजवळ रडण्यावाचून दुसरी भाषा नसते, हेच या म्हणीत सांगितले आहे. मोठ्या माणसाला ताप आला, तर तो वैद्यापुढे बसून कोठे दुखते, केव्हापासून दुखते, आदल्या दिवशी काय खाल्ले, हे सारे सांगू शकतो. सहा महिन्यांच्या बाळाला यातले काहीच सांगता येत नाही. पोट दुखले तरी ते रडते, कान दुखला तरी रडते आणि भूक लागली तरीही रडते. म्हणून मुलांचा डॉक्टर हा खऱ्या अर्थाने मुक्या रुग्णांचा डॉक्टर होय.

मग अशा रुग्णाचे दुखणे ओळखायचे तरी कसे? डोळ्यांनी पाहून आणि हातांनी तपासून. परंतु एका डॉक्टरने एका आयुष्यात पाहून पाहून किती पाहावे? त्याच्या आधी शेकडो वर्षे ज्यांनी आजारी मुलांच्या उशाशी बसून बारकाईने पाहिले आणि लिहून ठेवले, त्यांचे पाहणेही त्याच्या कामी आले पाहिजे. वैद्यकाच्या इतिहासाचा उपयोग येथे सुरू होतो. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. आजाराचाही इतिहास असतो, औषधाचाही असतो, आणि तो वाचल्याने जीव वाचतात, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणूनच, दिवसा आजारी मुले तपासणाऱ्या आणि उरलेल्या वेळात जुने ग्रंथ वाचणाऱ्या एका डॉक्टरची ओळख आपल्याला करून द्यावी, असे मनात आहे. त्यांचे नाव डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल.

स्टिल यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जकात खात्यात नोकरीला होते आणि कुटुंब मोठे होते. मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला गेला, तो वैद्यकासाठी नव्हे, तर ग्रीक आणि लॅटिन या प्राचीन भाषांसाठी. आणि त्या परीक्षेत त्याने पहिला वर्ग मिळवला. आपल्याकडे एखाद्याने संस्कृत किंवा अरबी-फारसीची पदवी घ्यावी आणि मग डॉक्टर व्हावे, तसाच हा प्रकार होता. पुढे लंडनच्या गाइज रुग्णालयात त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. भाषांची ही पुंजी तेव्हा कुणाला निरुपयोगी वाटली असेल. पुढे चाळीस वर्षांनी ती कशी उपयोगी पडली, ते आपण पाहणारच आहोत.

शिक्षण संपल्यावर स्टिल लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. हे रुग्णालय १८५२ साली अवघ्या दहा खाटांवर सुरू झाले होते. लंडनसारख्या अवाढव्य शहरात तोवर केवळ मुलांसाठी असे एकही रुग्णालय नव्हते! मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, औषधाची मात्रा कमी केली की झाले, असाच सर्वसाधारण समज होता. हा समज चुकीचा आहे, हे स्टिल यांनी प्रत्यक्ष पाहणीतून दाखवून दिले. १८९७ साली त्यांनी सांधेदुखीने दीर्घकाळ आजारी असलेल्या २२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांचे सांधे तर सुजतच, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या गाठी आणि प्लीहाही वाढलेली असे. मोठ्या माणसांच्या संधिवातापेक्षा हा आजार निराळा आहे, असे त्यांनी मांडले. त्या आजाराला आजही ‘स्टिलचा आजार’ म्हणतात. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचेही नव्हते.

आम्हा शिक्षकांना जवळची वाटावी अशी त्यांची दुसरी कामगिरी १९०२ सालची. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी तीन व्याख्याने दिली. काही मुले बुद्धीने कमी नसतात, तरीही ती एका जागी स्थिर बसू शकत नाहीत, त्यांचे लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही, शिक्षा केली तरी काही वेळाने पुन्हा तसेच वागतात. अशा मुलांच्या नोंदी त्यांनी मांडल्या आणि याचे मूळ शरीरातही असू शकते, केवळ वाईट वळणात नव्हे, असे सुचवले. त्यांनी वापरलेले ‘नैतिक नियंत्रणाचा अभाव’ हे शब्द आज जुने झाले आहेत आणि त्यांची काही अनुमानेही मागे पडली आहेत. परंतु लक्ष न टिकणाऱ्या अतिचंचल मुलांविषयीच्या वैद्यकीय ग्रंथांत आजही या व्याख्यानांचा उल्लेख येतो. वर्गातल्या ज्या मुलाला आपण ‘वांड’ म्हणून बाकावर उभे करतो, त्याच्याकडे एका डॉक्टरने सव्वाशे वर्षांपूर्वी रुग्ण म्हणून पाहिले, ही गोष्ट शिक्षकाने छडी उचलण्यापूर्वी आठवण्यासारखी आहे.

१९०६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये स्टिल बालरोगांचे प्राध्यापक झाले. इंग्लंडमध्ये या विषयाचे प्राध्यापकपद मिळालेले ते पहिलेच होत. १९०९ साली त्यांचे मुलांच्या नेहमीच्या आजारांवरील पाठ्यपुस्तक निघाले. १९२८ मध्ये ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. त्याच सुमारास आपल्या मुंबईतही नवे पर्व सुरू होत होते. परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने मुलांचे रुग्णालय १९२९ साली उघडले.

एवढा मान मिळाल्यावर एखाद्याने विश्रांती घेतली असती. स्टिल यांनी १९३१ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बालरोगशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ प्राचीन ग्रीकांपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येतो. तरुणपणी शिकलेले ग्रीक आणि लॅटिन येथे फळाला आले. ज्या ग्रंथांची नावेही इतर डॉक्टर विसरून गेले होते, ते त्यांनी मुळातून वाचले. आणि ते वाचले कसे? एका अनुभवी डॉक्टरच्या नजरेने. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने एखाद्या मुलाच्या खोकल्याचे वर्णन केले असेल, तर ते कोणत्या आजाराचे असावे, हे हजारो मुले तपासलेला माणूसच नीट सांगू शकतो. निव्वळ भाषापंडिताला ते जमणार नाही, आणि निव्वळ डॉक्टरला तो ग्रंथ वाचता येणार नाही. दोन्ही गुण एका माणसात आले, म्हणून हे काम झाले.

या इतिहासात कोण कोण भेटते? इटलीतील पादुआचे बागेलार्दो भेटतात. मुलांच्या आजारांवरील त्यांचे पुस्तक १४७२ साली, म्हणजे युरोपात छपाईची कला अगदी नवी असताना, छापले गेले. सोळाव्या शतकातले थॉमस फेअर भेटतात; लॅटिन ही विद्वानांची भाषा असताना त्यांनी मुलांच्या आजारांवर लोकांच्या इंग्रजीत लिहिले. १७४८ साली विल्यम कॅडोगन यांनी बाळाला फडक्यात घट्ट आवळून ठेवण्याची प्रथा घातक असल्याचे सांगितले आणि आईच्या दुधाचा पुरस्कार केला. डॉ. जॉर्ज आर्मस्ट्राँग यांनी १७६९ साली लंडनमधील गरिबांच्या मुलांसाठी मोफत दवाखाना काढला. आजारी मूल आईपासून तोडले तर त्याचे काळीजच तुटते, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी मुलांना भरती करून न घेता तपासून आईबरोबर घरी पाठवले. बारा वर्षांत सुमारे ३५,००० मुलांनी या दवाखान्याचा लाभ घेतला. पुढे पैशाची चणचण आणि डॉक्टरांचे आजारपण यांमुळे तो १७८१ साली बंद पडला. अशा विस्मृतीत गेलेल्या माणसांना स्टिल यांनी पुन्हा उजेडात आणले.

आता या साखळीतील पूर्वेकडील दुव्यांकडे वळू. मध्ययुगात युरोपच्या वैद्यकाने ज्यांच्या हाताला धरून वाटचाल केली, त्यांत अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांचा जन्म इराणातील रय या शहरी सुमारे ८६५ साली झाला आणि मृत्यू ९२५ च्या सुमारास. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. त्यांच्या नावावर मुलांच्या आजारांवरील एक छोटी पुस्तिका आहे. तिचा अरबी मूळ पाठ आज उपलब्ध नाही. लॅटिन रूपात मात्र ती टिकली. डोक्यावरचे पुरळ, आकडी, कान फुटणे, दात येतानाचा त्रास, हगवण, खोकला, जंत, अशा आईला रोज भेडसावणाऱ्या तक्रारींवर तिच्यात छोटी छोटी प्रकरणे आहेत. या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर १९७१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. सॅम्युएल रॅडबिल यांनी प्रसिद्ध केले. हे रॅडबिलही मुलांचेच डॉक्टर आणि वैद्यकाचे इतिहासकार! मुलांच्या छळाचा इतिहासही त्यांनी लिहिला होता. स्टिल यांची परंपरा एकट्या स्टिल यांच्यापाशी थांबली नाही, हे यावरून दिसते.

पण राझी यांची खरी कीर्ती देवी आणि गोवर या दोन रोगांवरील ग्रंथामुळे झाली. दोन्ही रोगांत ताप येतो, अंगावर उठते, आणि दोन्ही बहुधा मुलांनाच गाठतात. राझी यांनी दोहोंतील फरक लक्षणांनिशी लिहून ठेवला. पाठदुखी देवीमध्ये अधिक, तर अस्वस्थता आणि मळमळ गोवरात अधिक, असे त्यांचे निरीक्षण आहे. रोग्याचे डोळे कसे जपावेत, याविषयी त्यांनी स्वतंत्र सूचना दिल्या. रोगाच्या कारणाविषयीची त्यांची कल्पना चुकीची होती. रक्ताला जणू उकळी फुटते, असे ते मानत. रोगजंतू कोणाला ठाऊकच नव्हते, तेथे त्यांना दोष कसा द्यावा? कारण चुकले, पण डोळ्यांनी पाहिलेले चुकले नाही. म्हणून हजार वर्षांनंतरही तो ग्रंथ वाचला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राझी स्वतःसुद्धा जुन्या वैद्यकाचे अभ्यासक होते. त्यांच्या ‘अल्-हावी’ या प्रचंड संग्रहात ग्रीक वैद्यांची मते आहेत आणि आपल्या चरकाचीही आहेत. प्रत्येकाचे मत नोंदवून मग ते स्वतःचा अनुभव सांगतात. ग्रीकांचा थोर वैद्य गॅलेन याच्याविषयीच्या शंकांवर तर त्यांनी वेगळा ग्रंथच लिहिला. पूर्वजांचा आदर करावा, पण डोळे मिटून त्यांच्यामागे जाऊ नये, हा धडा त्यांच्यापासून घ्यावा.

आपल्या देशातही या शास्त्राची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक अंग मुलांसाठीच आहे. त्या विषयावरील काश्यपसंहिता हा ग्रंथ दीर्घकाळ लुप्त होता. नेपाळमध्ये त्याची त्रुटित पोथी सापडली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ती छापली गेली; म्हणजे स्टिल यांचा इतिहास निघाल्यानंतर सात वर्षांनी. या ग्रंथातील एक अध्याय केवळ, न बोलणाऱ्या बाळाच्या वेदना कशा ओळखाव्यात, याविषयी आहे. डोके दुखत असेल तर बाळ डोके इकडे-तिकडे हलवते आणि डोळे मिटून घेते, कान दुखत असेल तर हात कानाशी नेते, अशी लक्षणे त्यात दिली आहेत. कोणत्याही अनुभवी आजीबाईला विचारा, ती हेच सांगेल! लंडनचे रुग्णालय असो, बगदादचे असो, की हिमालयाच्या कुशीतली पोथी असो, सगळे एकाच प्रश्नाशी झुंजत होते : या मुक्या जिवाला काय होते आहे?

आता या इतिहासाचा आपल्याशी असलेला संबंध पाहू. देवी हे नावच सांगते की, आपल्या पूर्वजांनी या रोगापुढे हात टेकले होते. तुर्कस्तानात आणि आपल्या बंगालमध्ये देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचण्याची जुनी पद्धत होती. तुर्कस्तानातली ही रीत इंग्लंडच्या वकिलाची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू यांनी पाहिली आणि १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीला टोचून घेतले. १७९६ साली जेन्नर यांनी गाईच्या देवीची अधिक सुरक्षित लस शोधली. ही लस हिंदुस्थानात कोणत्या वाटेने आली? व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा आणि मग समुद्रमार्गे मुंबई! १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. तिच्या दंडावरील फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना, असे करत ती देशभर पोचली. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. मुलांनीच मुलांसाठी ती लस आपल्या अंगावर वाहून नेली. पुढे गावोगाव ‘देवीचे डॉक्टर’ फिरू लागले. १९७५ मध्ये भारतातील देवीचे शेवटचे रुग्ण नोंदले गेले आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी हद्दपार झाल्याची घोषणा झाली. राझी यांनी ओळखलेल्या दोन रोगांपैकी एक असा संपला.

दुसरा मात्र अजून आहे. गोवरावर लस निघाली १९६३ साली. आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि इतर दाट वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. कोरोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस चुकले होते. ज्या रोगाची लक्षणे अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेली, ज्यावर साठ वर्षांपासून लस आहे, त्या रोगाने आजही आईच्या मांडीवर मूल जावे, यासारखी दुःखाची गोष्ट कोणती?

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून लस देण्यात आली. त्या वेळी काही पालक शाळेत येऊन साशंक मनाने विचारत, ‘गुरुजी, ही लस परकी तर नाही ना? आमच्या पोरांना काही होणार तर नाही?’ पालकांनी प्रश्न विचारणे यात काहीच गैर नाही. मुलाच्या काळजीपोटीच ते विचारतात. पण त्यांना उत्तर देण्यासाठी शिक्षकापाशी हा इतिहास हवा. गोवराचे पहिले नेमके वर्णन बगदाद-रयच्या हकिमाने केले, टोचण्याची कला तुर्कस्तान आणि बंगालला ठाऊक होती, देवीची लस बसऱ्याहून मुंबईस आली. मग ही विद्या परकी कशी? ती सर्व मानवजातीची कमाई आहे, आणि तिच्यात आपल्या पूर्वजांचाही वाटा आहे.

आमच्या राधानगरी तालुक्यासारख्या डोंगराळ आणि धुवाधार पावसाच्या मुलखात वाडीवरच्या आईला प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे तर चिखल तुडवत यावे लागते. त्यातच ‘गोवर आहे, अंगावर नीट निघू द्या, औषध देऊ नका’ असा सल्ला देणारी वडीलधारी माणसे घरात असतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण गोवरातून न्यूमोनिया होतो, हगवण लागते, आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावी दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. डोळे जपा, हे राझी यांनी तेव्हाच सांगितले होते. कसे जपावेत, हे आजचे शास्त्र सांगते. मुलाला ताप आणि पुरळ दिसताच आरोग्य केंद्रात न्यावे. त्याहून चांगले म्हणजे नऊ महिने पूर्ण होताच पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस द्यावा. तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आशाताई दारात आल्या, तर त्यांना लसीकरणाचे कार्ड दाखवावे आणि राहिलेला डोस विचारून घ्यावा.

डॉ. स्टिल यांचे २८ जून १९४१ रोजी निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही. मुलांच्या सहवासातच त्यांचे आयुष्य गेले आणि अखेरच्या काळात त्यांनी बालपणावरील कवितांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. रुग्णालय आणि ग्रंथालय ही दोन घरे त्यांनी वेगळी मानली नाहीत.

आपल्या संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, परिचारिका होतील, शिक्षक होतील. बहुतेक सारे आईबाप होतील. विज्ञान घेणाऱ्याने इतिहास टाकून द्यावा आणि इतिहास घेणाऱ्याने विज्ञानाकडे पाठ फिरवावी, ही आपल्याकडची रीत आता बदलली पाहिजे. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावतीचे पाणी अडवण्याचे काम हाती घेतले, त्यांनीच १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल टाकले. शिकलेली आई मुक्या लेकराचे दुखणे लवकर ओळखते, कार्डावरची तारीख वाचते आणि ऐकीव गोष्टीला प्रश्न विचारते. आपल्या मुलींना शेवटपर्यंत शिकवा, आणि घरातल्या प्रत्येक बाळाचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा, एवढीच आपणा सर्वांना नम्र विनंती.